रेघ दिसली पाहिजे

पुंजा महाले गुरुजी निवृत्त झाले तेव्हा त्यांना निरोपाची भेट काय द्यावी यावर शाळेत आठवडाभर खल चालला होता. शेवटी गुरुजींनीच तो मिटवला. शाल नको, भिंतीवरचं घड्याळ तर मुळीच नको, घरात आधीच तीन घड्याळं आहेत आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात, असं सांगून त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर एका मशीनचं चित्र होतं. शिलाई मशीनएवढं धूड, वरून वाकलेला लोखंडी हात, आणि त्या हाताच्या टोकाला ताणून बसवलेलं, केरसुणीच्या काडीहून बारीक करवतीचं पातं. पातं जागच्या जागी वरखाली होतं आणि आपण लाकूड फिरवत फिरवत त्यातून नक्षी काढायची. इंग्रजीत त्याला स्क्रोल सॉ म्हणतात. जव्हारमधल्या त्यांच्या आळीनं मात्र पहिल्याच दिवशी त्याचं ‘कुरकुऱ्या’ असं बारसं करून टाकलं.

कुरकुऱ्या पडवीत बसला आणि गुरुजींचा दिवस त्याच्यापुढे जाऊ लागला. पातळ प्लायवूडमधून तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती फेर धरलेली माणसं, मोर, हरणं, दारावरच्या नावाच्या पाट्या असं काय काय ते कापत. ज्याच्या घरी बारसं, वास्तुशांत किंवा बढती असेल त्याच्या घरी गुरुजींची एक वस्तू पोचायचीच.

गुरुजींना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक हाताचा, दुसरा डोळ्यांचा. एसटी स्टँडवर उभं राहिलं की वळणावरून येणाऱ्या गाडीची पाटी ते सगळ्यांच्या आधी वाचत. ‘नाशिक नाही, त्र्यंबक,’ असं ते जाहीर करत आणि नाशिकला जाणारी माणसं उचललेल्या पिशव्या परत खाली ठेवत. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी चष्मा नाही, हे ते न विचारताही सांगत. वर्तमानपत्र हात ताठ करून धरावं लागतं ही गोष्ट खरी होती, पण त्याचं कारण अलीकडे छपाईची शाई फिकट झाली, हे होतं. त्यांच्या पत्नी पुष्पलताबाई अंगणवाडी सेविका होत्या आणि त्यांच्या नाकावर दहा वर्षांपासून चष्मा होता. शाई आणखी फिकी झाली तर पेपर धरायला समोरची भिंत मागे सरकवावी लागेल, एवढंच त्या म्हणत.

होळीला आठवडा होता तेव्हा रोहिदास आला. हा गुरुजींचा जुना विद्यार्थी, मोखाड्याकडच्या एका गावचा, आता सरकारी कचेरीत कारकून. त्याच्या काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांच्या गावात दरवर्षी बोहाडा होतो, म्हणजे लाकडाचे नि कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवतात. त्यातल्या सरस्वतीच्या मोराचा पिसारा त्यानं आणला होता. पातळ लाकडात कापलेली एकेचाळीस पिसं, प्रत्येक पिसात एक डोळा आणि डोळ्याच्या मधोमध नागलीच्या दाण्याएवढं भोक. कोणी कधी केला, गावात कोणाला ठाऊक नव्हतं. खालची बाजू वाळवीनं खाल्ली होती आणि हात लावला की भुगा सांडत होता.

“हुबेहूब असाच पाहिजे, गुरुजी,” रोहिदास म्हणाला. “अक्षय्य तृतीयेला बोहाडा आहे. गावानं सांगितलंय, तुमच्याशिवाय कोणाकडे द्यायचा नाही.”

असं म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस वेगळा असतो. गुरुजी तसे नव्हते.

त्यांनी पिसाऱ्यावर पातळ कागद ठेवून नक्षी उतरवून घेतली, प्लायवूडवर चिकटवली आणि कुरकुऱ्या सुरू केला. पहिली तीन पिसं तासाभरात झाली. ती त्यांनी ओळीनं मांडली आणि पुष्पलताबाईंना हाक मारली. बाईंनी चष्मा सरळ करून बराच वेळ पाहिलं. मग, कोंबडा आहे का, असं विचारलं.

गुरुजींनी पिसं उन्हात नेली, हात लांब करून पाहिली. पातं रेघेवरून उतरलं होतं. एका ठिकाणी नाही, जवळजवळ सगळीकडे. डोळ्यांची भोकं तर कोणी पेन्सिलीनं भोसकावीत तशी झाली होती. त्यांनी आधी पात्याला दोष दिला आणि नवं पातं चढवलं. मग प्लायवूडला दिला. मग विजेच्या कमीजास्त दाबाला. तिघांचीही चौकशी करून झाल्यावर त्यांनी निकाल दिला की पडवीत उजेड कमी आहे.

हा निकाल अर्धा बरोबर होता, म्हणून तर पुढचा घोटाळा झाला.

त्यांनी बरोब्बर डोक्यावर मोठा बल्ब टांगला. पडवी लख्ख उजळली आणि कामावर वाकल्याबरोबर त्यांच्याच डोक्याची सावली रेघेवर येऊन बसली. डोकं डावीकडे नेलं की सावली डावीकडे, उजवीकडे नेलं की उजवीकडे. बल्ब काढून त्यांनी एक स्वस्तातली एलईडी पट्टी लावली. हिची तऱ्हा निराळीच. मशीन वेगात आलं की पात्याचे दाते जागच्या जागी उभे राहिल्यासारखे दिसायचे. मशीन अडकलं असं वाटून गुरुजींनी भुसा झाडायला बोट पुढे केलं आणि उभ्या असलेल्या पात्यानं त्यांच्या नखाचा कोपरा नेला. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि त्या अवस्थेतही विज्ञानाच्या मास्तराला शोभेल असा विचार केला: पट्टी डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगानं लुकलुकते आहे आणि तिच्या लुकलुकण्याचा नि पात्याच्या हलण्याचा मेळ बसतो आहे. विचार शंभर टक्के बरोबर होता. बोट ठणकायचं ते ठणकलंच.

मग त्यांनी कपाळाला बांधायची बॅटरी आणली, खेकडे धरायला जाणारी पोरं बांधतात तसली. तिचा उजेड थेट नाकासमोर पडायचा. पेन्सिलीची रेघ त्या झोतात अशी चकाकायची की कागद नि रेघ एकच. शिवाय कोणी पडवीत आलं की गुरुजी मान वर करून बोलत आणि आलेला माणूस हातानं डोळे झाकून उत्तर देई. दूध घालायला येणाऱ्या चंदानं तर आठवडाभर दूध दाराबाहेरूनच दिलं. ओढ्याला निघालाच आहात तर चार खेकडे जास्त आणा, असं पुष्पलताबाईंनी दोनदा सांगून पाहिलं.

शेवटचा उपाय म्हणजे भिंग. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं त्याच्या दुप्पट मोठं भिंग गुरुजींनी नाशिकहून मागवलं, सायकलच्या जुन्या स्टँडचा लोखंडी हात करून त्यात बसवलं आणि मशीन पूर्वेच्या खिडकीपाशी हलवलं. भिंग जबरदस्त होतं. त्यातून लाकडाचा एकेक तंतू दोरखंडासारखा दिसे, पण पिसाचं पुढचं वळण कुठे आहे ते दिसत नसे. नाक भिंगाला टेकवून वाट शोधायची म्हणजे घाटात गाडी हाकताना समोरचा रस्ता सोडून चाकाकडे पाहण्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा प्यायला आत गेले आणि भिंग तसंच राहिलं. खिडकीतून ऊन आलं, भिंगातून खाली उतरलं आणि एका जागी गोळा झालं.

धुराचा वास पुष्पलताबाईंना आला. त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं तेव्हा चौदाव्या पिसाच्या मध्यावर काळं भोक पडलं होतं. गुरुजींनी ते हातात घेऊन निरखलं. सूर्यानं पाडलेलं भोक त्यांनी आजवर कापलेल्या सगळ्या भोकांपेक्षा गोल होतं, हे त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. पण त्या दिवशी त्यांचं जेवण नीट झालं नाही.

त्याच गडबडीत लाकडाचं एक कुसळ त्यांच्या अंगठ्यात घुसलं. ते नेमकं कुठे आहे हे त्यांना दिसेना. सुईनं टोकून टोकून त्यांनी अंगठ्याची चाळण केली. पुष्पलताबाईंनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं की आज आपण गौरामावशीकडे जातोय.

गौरा ही पुष्पलताबाईंची चुलतमावशी. मोखाड्याच्या पुढे रस्ता सोडून थोडं चाललं की तिचा पाडा. वय पंच्याहत्तरच्या पुढे किती ते तिलाही नक्की माहीत नव्हतं. पंचक्रोशीत कोणाच्या पायात काटा मोडला की तो तिच्याकडे येई. करवंदीचा काटा, बाभळीचा काटा, माशाचा काटा, सगळं ती सुईच्या टोकावर उचलून देई. दवाखान्यात गेलेली माणसंसुद्धा परत येताना तिच्या दारावरून येत, असं पाड्यावर सांगत.

गुरुजींना ती भर उन्हात बसवेल असं वाटलं होतं. तिनं त्यांना उंबऱ्यावर बसवलं, दाराची एक फळी लावून घेतली आणि उघड्या फळीतून येणाऱ्या उजेडात त्यांचा हात धरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. एवढा वेळ हात फिरवण्यात काय चाललंय ते गुरुजींना कळेना. तिनं कमरेची पिशवी सोडली, दोऱ्यानं बांधलेला चष्मा काढून नाकावर चढवला आणि पुन्हा हात फिरवला. एका क्षणी ती थांबली. अंगठ्याच्या कातडीवर उजेड आडवा, घासून जात होता आणि त्यात कुसळाचा उंचवटा, त्याच्या पलीकडची बारीकशी सावली गुरुजींनासुद्धा दिसली.

“वरनं उजेड टाकला तं सगळा सपाट दिसतं,” गौरा म्हणाली. “आडवा येऊ दे. मंग काटा उभा ऱ्हातं.”

सुई एकदाच आत गेली. कुसळ तिनं गुरुजींच्या तळहातावर ठेवलं, जणू काही हरवलेली वस्तू मालकाला परत देत होती.

गुरुजींनी ते बोटावर घेऊन त्याच आडव्या उजेडात धरलं. पस्तीस वर्षं त्यांनी सावल्या कशा पडतात ते फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं होतं. दिवा कुठे, वस्तू कुठे, सावली कुठे. पोरांच्या वहीत सावली उलट्या बाजूला आली तर ते लाल शाईनं गोल करत. आणि हा एवढा साधा धडा त्यांना एकदाही स्वतःच्या पडवीत लावून पाहावासा वाटला नव्हता.

मग त्यांनी जरा खाकरून विचारलं की मावशीला हा चष्मा कधी लागला. विचारताना त्यांनी पुष्पलताबाईंकडे बघायचं टाळलं. गौरानं सांगितलं की डोळ्यांचं शिबिर आलं होतं. डॉक्टरनं तिच्यापुढे अक्षरांचा कागद धरला. ती म्हणाली, मला वाचता येत नाही आणि मला वाचायचंही नाही, मला काटा दिसला पाहिजे. तिनं सुई हातात धरून दाखवली, इथं. डॉक्टर हसला, पण त्यानं काच तेवढ्याच अंतराची दिली.

“तुजा काम किती लांब असतं?” तिनं विचारलं. त्या पाड्यावर जावई असो की तहसीलदार, सगळ्यांना तूच म्हणतात.

गुरुजींनी मशीनवर बसल्यासारखं करून दाखवलं. गौरानं गोधडी शिवायच्या दोऱ्याचं एक टोक त्यांच्या नाकाच्या शेंड्याला लावलं, दुसरं त्यांच्या बोटांपर्यंत नेलं, तिथे गाठ मारली आणि दोरा दातानं तोडून त्यांच्या हातात दिला. “लाज वाटाय काय झाला?” ती म्हणाली. “डोळं वापरलं म्हणून झिजलं. न वापरत्याचं ऱ्हातं चांगलं.”

परतीच्या गाडीत गुरुजी दोरा बोटाला गुंडाळत नि सोडत बसले. पुष्पलताबाईंनी चष्म्याचं नावही काढलं नाही, आणि त्यासाठी त्यांना किती जोर लावावा लागला असेल याची गुरुजींना कल्पना होती.

दुसऱ्या दिवशी ते जव्हारच्या बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात गेले. तिथे डोळे तपासणारी रविना नावाची तरुण मुलगी होती. तिनं लांबच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. गुरुजींनी ती शेवटच्या ओळीपर्यंत धडाधडा वाचली, वर छापखान्याचं नावही वाचलं. मग तिनं जवळचा कागद पुढे धरला आणि गुरुजी तो हातानं मागे मागे ढकलू लागले. रविना वाचायचा नेहमीचा नंबर काढायला लागली तेव्हा गुरुजींनी खिशातून दोरा काढला आणि मला या गाठीपाशी दिसलं पाहिजे, असं सांगितलं. रविनानं आजवर दुकानात माणसं जुना चष्मा, तुटकी दांडी, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आलेली पाहिली होती. दोरा पहिल्यांदाच पाहिला. पण मुलगी समजूतदार होती. तिनं त्यांना स्टुलावर बसवलं, टेबलाला मशीन समजायला सांगितलं, दोरा ताणला आणि गाठीजवळ कागद धरून एकेक काच बदलत गेली. पाचव्या काचेला कागदावरची बारीक रेघ अशी ठसठशीत उभी राहिली की गुरुजींनी काच काढून कागद दुसरा तर नाही ना, ते पाहून घेतलं. तिनं त्यांना आणखी एक गोष्ट बजावली. हा चष्मा मशीनपुरता. तो घालून रस्त्यावर चाललात तर गटार जवळ आलेलं कळणार नाही.

राहिला दिवा. रघुच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन गुरुजींनी वाकवता येणाऱ्या मानेचे, वर टोपी असलेले दिवे मागितले. रघुनं एक दिवा लावून दाखवला. गुरुजींनी पिशवीतून बांबूची काडी काढली आणि दिव्यापुढे जोरजोरात हलवायला सुरुवात केली. रघु मागे सरकला. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. काडीच्या जागी पंख्यासारख्या सुट्या सुट्या दहा काड्या दिसल्या तशी गुरुजींनी मान हलवली आणि तो दिवा नाकारला. दुसरा, तिसरा, चौथाही तसाच. दारात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला हळूच विचारलं की गुरुजी भगताचं काम कधीपासून करायला लागले. पाचव्या दिव्यापुढे काडी हलवली तर तिचा सलग, धूसर पट्टा दिसला. हा लुकलुकत नव्हता. गुरुजींनी काडी पिशवीत ठेवली आणि तोच बांधून द्यायला सांगितलं. दिव्यातलं काय उतरवलं ते मात्र रघुला शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी आल्यावर एलईडी पट्टी काढून डोक्यावरचा बल्ब त्यांनी पडवीच्या उजेडापुरता परत टांगला. नवा दिवा मशीनच्या डाव्या अंगाला, खाली वाकवून असा लावला की उजेड लाकडावरून आडवा जाईल आणि टोपीमुळे डोळ्यात येणार नाही. कामाचा हात उजवा, त्यामुळे हाताची सावलीही कामाबाहेर पडली. नाशिकचं ते अजस्र भिंग त्यांनी पुष्पलताबाईंना तांदूळ निवडायला देऊन टाकलं आणि त्याऐवजी कमी ताकदीचं एक छोटं भिंग बसवलं, तेही फक्त नागलीएवढ्या भोकांसाठी. त्याला जुन्या पायजम्याच्या कापडाची टोपी शिवली. काम थांबलं की टोपी चढवायची, असा नियम बाईंनी केला आणि तो पाळला जातोय की नाही ते त्या स्वतः बघत.

चष्मा आला त्या सकाळी गुरुजींनी पहिलं पीस कापलं. पातं रेघेला लागलं आणि रेघ सोडेना. वळणावर लाकूड फिरवताना पुढची चार बोटं वाट आधीच दिसत होती. पाठीला बाक नव्हता, मानेला ताण नव्हता. कुरकुऱ्याचा आवाजही त्यांना त्या दिवशी कमी वाटला. पीस सुटून हातात आलं तेव्हा त्यांनी ते पुष्पलताबाईंपुढे धरलं. बाईंनी पाहिलं, पलटून पाहिलं, आणि मोर आहे, असं सांगून त्या अंगणवाडीला गेल्या.

एकेचाळीस पिसांना सतरा दिवस लागले. शेवटची पिसं कापण्यासाठी जुना पिसारा भिंगाखाली घेतला तेव्हा गुरुजींना एक गंमत दिसली. उजव्या टोकाच्या सात पिसांतले डोळे किंचित खाली सरकलेले होते, सगळे एकाच बाजूला, अगदी त्यांच्या स्वतःच्या पहिल्या तीन पिसांसारखे. कोण जाणे कोणत्या काळचा तो कारागीर, पण त्याच्याही शाईला शेवटी फिकेपण आलं होतं. हुबेहूब पाहिजे म्हणजे चुकीसकट का, हे विचारायला गुरुजींनी रोहिदासला फोन केला. रोहिदासनं गावात विचारून संध्याकाळी उलट फोन केला. आजवर कोणाला ते दिसलंच नव्हतं, त्यामुळे गावाचं त्यावर काही मत नव्हतं. गुरुजींनी सातही डोळे सरळ केले. अक्षय्य तृतीयेच्या चार दिवस आधी रोहिदास पिसारा घेऊन गेला. जुना पिसाराही त्यानं लुगड्यात गुंडाळून परत नेला, कारण तो टाकायला गावात कोणी तयार नव्हतं.

एवढ्यावर सगळं आटोपलं असतं, पण चष्मा मशीनपुरताच घालायचा हा रविनाचा नियम गुरुजींनी मोडला. बँकेतल्या एका ओळखीच्या साहेबांकडे चहाला गेले असताना त्यांनी सहज म्हणून तो चढवला आणि भिंतीवरच्या स्वतःच्याच हरणाकडे अगदी जवळ जाऊन पाहिलं. हरणाला पाच पाय होते. पाचवा पाय म्हणजे न कापता राहून गेलेला लाकडाचा तुकडा. दुसऱ्या घरी तारप्याच्या फेरातल्या दोन माणसांची डोकी एक झाली होती. तीन वर्षांत ही अशी किती कामं आपण गावभर वाटली ते त्यांना आठवायला लागलं. दुसऱ्या दिवसापासून ते पिशवी घेऊन घरोघर हिंडले, दुरुस्तीला परत द्या म्हणून. कोणी देईना. साहेबांच्या नातीनं त्या हरणाला नाव ठेवलं होतं आणि पाचव्या पायामुळे ते जास्त जोरात पळतं असं तिचं म्हणणं होतं.

सगळ्यात अवघड घर हर्षदा गावितचं होतं. ती गुरुजींच्या हाताखाली शिकली होती आणि आता स्वतः शिक्षिका होती. तिच्या नव्या घराच्या दारावर गुरुजींनीच कापलेली पाटी होती. गुरुजी पायरीवर टाचा उंचावून उभे राहिले, चष्मा लावला आणि वाचलं. ‘र्ष’वरचा रफार कापताना उडून गेला होता. तीन वर्षं ती त्या दारामागे ‘हषदा’ म्हणून राहत होती.

तिनं दार उघडलं तेव्हा गुरुजींनी फक्त पाटीकडे बोट दाखवलं. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पोस्टमनलाही माहीत होतं.

“मग मला सांगितलं का नाहीस?” गुरुजींनी विचारलं.

“तुमचा हात मोडल्यासारखं वाटलं असतं, गुरुजी,” हर्षदा म्हणाली. “आणि तुम्ही तरी माझ्या शुद्धलेखनाच्या चुका वर्गात कधी मोठ्यानं वाचल्या?”

गुरुजींनी पाटी काढून मागितली. हर्षदानं ती द्यायला साफ नकार दिला. शेवटी वाटाघाटींनंतर असं ठरलं की पाटी दारावरच राहील आणि गुरुजी रफार घरून करून आणतील. त्यांनी तो त्याच दुपारी दिव्याच्या आडव्या उजेडात, भिंगाखाली कापला. नखावर मावेल एवढा तुकडा. संध्याकाळ व्हायच्या आत ते परत आले, खुर्चीवर चढले आणि हर्षदानं खुर्ची धरून ठेवली असताना चिमट्यानं तो जागेवर चिकटवला. पाटी तीन वर्षांच्या उन्हानं काळवंडलेली होती आणि रफार नवाकोरा पिवळा होता, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला आता आधी तोच दिसत होता. रंग मारून देऊ का, असं गुरुजींनी विचारलं. हर्षदा नको म्हणाली, आणि त्यांना चहाला आत घेऊन गेली.